इंजिनातला ठोका

मच्छीमार संस्थेच्या अध्यक्ष बाई गॅरेजवर आल्या तेव्हा मी एका ट्रॅक्टरखाली उताणा पडलो होतो. मला त्यांच्या चपला दिसल्या, चिखलाने पांढऱ्या पडलेल्या. त्या वाकून म्हणाल्या, "भाऊ, आमाले बोट घ्याची हाय. इंजिनसकट. तुमी येऊन पाहून देता का?"

मी बाहेर आलो, हात पुसले. बाई धरणाच्या पाण्याकाठच्या गावातल्या. त्यांच्या संस्थेत बहुतेक बायाच आहेत, आणि जाळी टाकायला त्या स्वतः जातात. मासळी पलीकडच्या काठावर चांगली लागते, पण डोंग्यातून वल्हवत आणेपर्यंत बर्फ विरघळतो. म्हणून मोटरची बोट हवी होती.

"कोणाची बोट?" मी विचारलं.

"बाबाजींची. पुलाखालच्या घाटावरची, लोखंडी."

माझ्या हातातलं कापड तसंच राहिलं. ती बोट माझ्या उस्तादांची होती.

बाभुळगावच्या स्टँडजवळ त्यांचं गॅरेज होतं तेव्हा मी त्यांच्याकडे काम शिकलो. पुढे धरण भरलं, त्यांच्या गावाचा रस्ता पाण्याखाली गेला. उस्तादांनी गॅरेज माझ्या हवाली केलं, एका जुन्या कॉम्प्रेसरवरचं दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन काढून लोखंडी बोटीत बसवलं, आणि माणसं इकडून तिकडे सोडायला लागले. शाळेची पोरं, बाजाराच्या बाया, दवाखान्यात न्यायचे आजारी, सगळे त्याच बोटीत. मग पूल झाला. पुलावरून मोटारसायकली जायला लागल्या तशी बोट घाटावर बांधून राहिली.

"ताई, दुसरा कोणी पाहा," मी म्हणालो. "ते माझे उस्ताद आहेत. त्यांच्या इंजिनावर मी काय बोलणार?"

"तेच तं म्हनले," बाई म्हणाल्या. "म्हनले, माह्या पोट्ट्याकडून तपासून घ्या. तो जे सांगन ते खरं. आमच्या बायांनी पोटाले चिमटा घेऊन जमवलं हाय भाऊ. तुमी उस्तादांचं तोंड पाहून सांगू नका. इंजिन पाहून सांगा."

मी हो म्हणालो. रात्री जेवताना बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, नाही म्हणायला पाहिजे होतं. मलाही तसंच वाटत होतं.

वैशाखातली सकाळ होती. पाणी खूप खाली गेलं होतं. उन्हाळ्यात तिथं बुडालेल्या आमराईची वाळलेली खोडं वर येतात. काही हातभर दिसतात, काही पाण्याच्या जरा खाली असतात, आणि तीच वाईट. उस्ताद घाटावर धुतलेला सदरा घालून उभे होते. बाई काठावर बर्फाच्या पेट्यांपाशी होत्या, त्यांचे यजमान बोटीत सुकाणूपाशी बसले होते.

"जयभीम, उस्ताद."

"जयभीम. ये. आधी हात लावून पाह्य, मंग बोल."

हे त्यांनीच शिकवलेलं. विकणारा कधी कधी गिऱ्हाईक यायच्या आधीच इंजिन गरम करून ठेवतो. गार असताना न उठणारं इंजिन गरमपणी एका झटक्यात उठतं. मी हेडवर तळवा ठेवला. गार होतं. उस्ताद हसले.

मी हवा सोडायची दांडी बंद ठेवून चाक हाताने हळू फिरवलं. दोन्ही सिलिंडरनी बरोबर अडवून धरलं, दाब चांगला होता. म्हणजे रिंगा आणि लायनर ठीक. पाण्याच्या पंपाजवळ गळती नव्हती. मग तेल बघायची काडी ओढली. तेल नवं होतं, त्याच सकाळी भरलेलं, आणि जाड. बोटांत धरून ताणलं तर मधासारखी तार आली.

इथे माझ्या मनात पहिल्यांदा काहीतरी टोचलं. बेअरिंग झिजलेलं असलं की लबाड विकणारा जाड तेल भरतो. तेल गार असेपर्यंत झीज भरून निघते आणि आवाज दबतो. हेही मला उस्तादांनीच शिकवलेलं. मी त्यांच्याकडे बघितलं. ते शांतपणे बिडी पेटवत होते.

"तेल जाड हाय, उस्ताद."

"उन्हाळ्यात मी जाडच टाकतो. तुले माहीत हाय."

खरं होतं ते. पण मनात आलेलं गेलं नाही.

"क्रँक केव्हा घासला होता?"

"दोनदा घासला. आता अजून घासाले जागा नाई. पन कायले घासा लागते? ऐक तू."

त्यांनी हँडल मारलं. पहिल्याच फेरीला इंजिन उठलं. धूर आधी काळा आला, मग फिका झाला, निळा नव्हता. म्हणजे तेल जळत नव्हतं. आवाज भरदार, सारखा. घाटावर बांधलेल्या बोटीत ते इंजिन अगदी नव्यासारखं बोलत होतं. बाईंच्या यजमानांनी माझ्याकडे बघून मान डोलावली, म्हणजे झालं, घेऊ.

मी म्हणालो, "पाण्यात लोडवर चालवून पाहू. पलीकडे जाऊन येऊ."

उस्तादांच्या तोंडावरचं हसू गेलं. "माह्यावर भरोसा नाई काय बे तुहा?"

"तसं नाही. ट्रकला कुठंतरी उतार मिळतो, इंजिनाला दम खाता येतो. बोटीचं इंजिन सुटल्यापासून पोचेपर्यंत ओढतच असतं. घाटावरचं ऐकून मी ह्या बायांना काय सांगू?"

मी हे सगळ्यांसमोर बोललो, ते मला बोलतानाच खटकलं. बाईंनी मात्र वजन म्हणून बर्फाच्या भरलेल्या पेट्या बोटीत चढवल्या, म्हणाल्या, "जाऊन येऊ. बाबाजी, तुमीच चालवा."

आम्ही चौघं निघालो. उस्ताद इंजिनापाशी, हात डिझेल कमीजास्त करायच्या दांडीवर. मी त्यांच्या मागे. यजमान सुकाणूवर आणि बाई पुढच्या टोकाला, हातात लांब बांबू घेऊन, खोडं बघत. बोटीत वल्हं नव्हतंच. त्या वजनाची लोखंडी बोट वल्ह्याने हलली नसती.

अर्ध्या वाटेपर्यंत सगळं ठीक होतं. बाईंनी मागे वळून मला खुणेनं विचारलं, कसं आहे, आणि मी चांगलं म्हणून हात हलवला. मनातला दगड उतरत होता. उस्तादांबद्दल वाईट विचार आला याची लाज वाटत होती.

मग तेल तापलं, पातळ झालं, आणि मला ठोका ऐकू आला.

पहिल्यांदा वाटलं, बोटीच्या तळाला काही लागतंय. मी कान दिला. खालून येत होता, खोल आणि बोथट. आतून कोणीतरी मुठीनं दार ठोकावं तसा. उस्तादांनी दांडी वाढवली की वाढायचा, कमी केली की हलका व्हायचा. असला आवाज दुसऱ्या कशाचा नसतो. क्रँकवर जिथं पिस्टनचा दांडा फिरतो तिथलं बेअरिंग सैल झालं होतं, तेही थोडंथोडकं नाही.

उस्ताद मला इंजिनाकडे पाठ करून उभं करायचे आणि नुसत्या आवाजावर विचारायचे, कोणता सिलिंडर मारत नाही, कोणता वाल्व सैल आहे. चुकलो की पान्याची मूठ पाठीत बसायची. त्या माणसाला हा ठोका ऐकू येत नव्हता असं होणं शक्य नव्हतं. मग एकच उरत होतं. त्यांना माहीत होतं. म्हणून जाड तेल. म्हणून घाटावरच ऐक म्हणत होते. आणि मीच तपासावं असं त्यांनी सांगितलं, कारण त्यांना वाटलं, हा आपल्या विरोधात बोलणार नाही.

मला इतका राग आला की मी मागूनच म्हणालो, "उस्ताद, हे काय आहे?"

ते वळले नाहीत.

"उस्ताद!" मी जोरात म्हणालो. सुकाणूवरच्या यजमानांनी चमकून बघितलं. उस्ताद तसेच समोर बघत, दांडी वाढवत. ठोका आणखी मोठा झाला. त्यांच्या चेहऱ्याची एक बाजू मला दिसत होती, त्यावर काहीच नव्हतं. लपवणाऱ्या माणसाचा चेहरा तसा नसतो.

मी पुढे सरकून त्यांच्या खांद्याला हात लावला. इंजिनाकडे बोट दाखवलं. ते खुशीत म्हणाले, "कसं गोड चालून राह्यलं, पाह्य!" मग माझ्या तोंडावरचा संशय बघून त्यांनी खिशातून लांब स्क्रू ड्रायव्हर काढला, टोक क्रँककेसवर टेकवलं, मूठ कानाला लावली. माझ्या नजरेसमोर त्यांनी हे हजारदा केलं असेल. डोळे मिटले. ऐकलं. मान डोलावली.

"काही नाई," ते म्हणाले. "साफ हाय."

मला तो ठोका कसल्याही स्क्रू ड्रायव्हरशिवाय, हातभर लांबून, स्पष्ट ऐकू येत होता.

राग कुठल्या कुठे गेला. त्याच्या जागी जे आलं ते रागापेक्षा वाईट होतं. माझे उस्ताद बहिरे झाले होते. निदान हे खोल आवाज त्यांच्या कानातून गेले होते, आणि ते त्यांना माहीत नव्हतं, किंवा माहीत असून त्यांनी स्वतःला सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात बाई पुढून ओरडल्या, "वावधन येऊन राह्यलं!"

पश्चिमेकडे आभाळ मातीच्या रंगाचं झालं होतं. वैशाखात असं होतं, एकदम वारा सुटतो, धूळ घेऊन पाण्यावर उतरतो. पाण्याला सुरकुत्या पडल्या, मग लाटा आल्या. वारा आम्हाला बाजूने ढकलत होता, आणि त्या बाजूला आमराईची खोडं होती.

उस्तादांनी तेच केलं जे कोणताही बोटवाला करील. दांडी पूर्ण वाढवली.

ठोका आता कानात नाही, पायाखाली लागत होता. अशा वेळी दांडा तुटला तर तो क्रँककेस फोडून बाहेर येतो. आणि इंजिन बंद केलं तर वारा आम्हाला खोडांवर नेऊन घालणार. जड लोखंडी बोट, एक टोकदार खोड तळातून आत आलं की संपलं. बाईंना पोहता येत होतं, यजमानांना येत होतं. उस्तादांना या वयात किती जमलं असतं कोण जाणे. मला तर मुळीच येत नाही.

मी हात घालून दांडी मागे ओढली. इतक्या वर्षांत त्यांच्या हाताखालच्या इंजिनाला मी न विचारता कधी हात लावला नव्हता.

"हात काढ!" ते ओरडले. "काहून कमी करून राह्यला? खोडावर नेतं काय आमाले?"

"ठोका आहे, उस्ताद! खाली ठोका आहे!"

"मले शिकवतं काय?" त्यांनी मला कोपराने ढकललं आणि पुन्हा दांडीला हात घातला. बोट एकदम कलली, एक बर्फाची पेटी घसरत जाऊन बाजूला आपटली. यजमान सुकाणूवरून ओरडले, "भांडता कायले गा! बोट वळून राह्यली!"

समजावायला वेळ नव्हता आणि समजावून उपयोग नव्हता. मी उस्तादांचं मनगट दोन्ही हातांनी धरलं, दांडीवरून सोडवलं, आणि त्यांचा तळवा क्रँककेसच्या बाजूला दाबून धरला. लोखंड गरम होतं. ते हात ओढत होते, मी सोडला नाही.

मग त्यांचं ओढणं थांबलं.

त्यांच्या हाताला ठोका लागला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. राग होता तिथं आधी नुसता गोंधळ आला. त्यांनी दुसरा तळवाही टेकवला. मग माझ्याकडे बघितलं. मला ते बघणं अजून आठवतं, पण त्यात काय होतं ते मी नीट सांगू शकत नाही. मी मान हलवली, हो म्हणून.

ते एक हात इंजिनावरच ठेवून दुसऱ्या हाताने दांडी हळूहळू मागे घेत गेले. ठोका हलका झाला. आणखी थोडी मागे, तर इंजिन बंद पडायला आलं, पुन्हा किंचित पुढे. एका जागी ते थांबले. तिथं ठोका जवळजवळ विझला होता आणि बोटीखालचा पंखा थोडं पाणी कापत होता. मी कानाने ती जागा शोधली असती तर मीही तिथंच थांबलो असतो.

"वाऱ्यावर तोंड कर," ते यजमानांना म्हणाले. "घाटाचा नाद सोड. तिकडं गाळाचा उतार हाय, तिथं लावू."

त्या वेगाने बोट पुढे जात होती असं म्हणवत नाही. वाऱ्याशी झटत होती इतकंच. धुळीने काठ दिसेना. बाई पुढे गुडघे टेकून बसल्या होत्या. खोड आलं की त्या बांबू त्याला लावायच्या आणि सगळं अंग टाकून ढकलायच्या. एकदा बांबू सटकला आणि खोड लोखंडाला घासत, कर्कश आवाज करत, पुढून मागपर्यंत गेलं. पाणी आत आलं नाही. मी डब्याने इंजिनावर पाणी ओतत होतो, ते वाफ होऊन तोंडावर येत होतं. उस्तादांनी त्या गरम लोखंडावरून हात उचलला नाही. काठाला लागल्यावर बघितलं तर तळव्याला फोड आले होते.

गाळात बोट रुतली आणि इंजिन आपोआप बंद पडलं. वारा चालूच होता, पण एकदम फार शांत वाटलं.

बाई उतरल्या, गुडघाभर गाळात उभ्या राहिल्या. त्यांच्या हाताची सालं निघाली होती. त्यांनी सरळ मलाच विचारलं, "सांगा भाऊ. घ्यावं का नाई?"

उस्ताद बोटीच्या कडेवर बसले होते. मी त्यांच्याकडे न बघता बोललो. "इंजिन घेऊ नका. बेअरिंग गेलंय, क्रँकही खराब झाला असेल. तो दोनदा घासलेला, आता घासायला जागा नाही. नवा मिळत नाही, हे इंजिन निघायचंच बंद झालंय. भंगारातून क्रँक आणला तर तो याच वयाचा येणार. रिंगा, लायनर चांगले आहेत, पण त्यांचा उपयोग काय? दुरुस्तीचा खर्च इंजिनाच्या किमतीच्या वर जाईल, आणि तरी मी हमी देणार नाही. बोट चांगली आहे. खोड घासून गेलं, पत्रा फाटला नाही. नुसती बोट घ्या."

बाईंनी उस्तादांकडे बघितलं. "बाबाजी?"

मी काय बोललो ते त्यांना किती ऐकू गेलं कोण जाणे. पण ते म्हणाले, "बरोबर बोलून राह्यला तो." मग उठले आणि गाळातून वर चढून गावाच्या वाटेला लागले. मी हाक मारली नाही. मारून उपयोग नव्हता, हे तेव्हाच लक्षात आलं, आणि मला तिथंच गाळात रडू आलं.

त्यानंतर बरेच दिवस ते गॅरेजवर आले नाहीत. मी दोनदा घरी गेलो. पहिल्यांदा झोपलेत असं सांगितलं. दुसऱ्यांदा त्यांच्या मुलीने चहा केला, म्हणाली, यवतमाळला नेऊन कान दाखवले, मशीन घेतली, पण ते लावत नाहीत. ते परसात इंजिन खोलत बसले होते. वर बघितलं नाही.

मृग लागून गेल्यावर एका दुपारी ते आले. सदऱ्याच्या खिशातून कापडाची पुरचुंडी काढली, टेबलावर उघडली. बेअरिंगच्या दोन अर्ध्या वाट्या होत्या. वरचा पांढरा धातू पार गेला होता, खालचं तांबूस उघडं पडलं होतं.

"किती दिवसाचं हाय हे?" त्यांनी विचारलं.

मी वाट्या हातात घेऊन उगाच उजेडात फिरवल्या. मला उत्तर माहीत होतं, आणि त्यांनाही. बोट घाटाला बांधून राहिल्यापासून ते इंजिन फारसं चाललंच नव्हतं. एवढी झीज त्याच्या आधीची होती.

"सांग ना बे."

"पूल व्हायच्या आधीपासून असेल, उस्ताद."

ते बाकावर बसले. मग म्हणाले, "त्या बोटीत शाळेचे पोट्टे बसत जात होते."

मी म्हणालो, काही झालं तर नाही ना. ते म्हणाले, "नाई झालं. पन मी रोज ऐकून सोडत होतो बोट. रोज कान लावून." मी चहा मागवला. तो त्यांनी घेतला, पण जाताना वाट्या टेबलावरच राहू दिल्या. मी त्या टाकून दिल्या नाहीत, दाखवायलाही ठेवल्या नाहीत. कुठेतरी ड्रॉवरमध्ये असतील.

संस्थेने नुसती बोट घेतली. मी पुसदकडून एक इंजिन शोधलं, ज्याचे भाग अजून बाजारात मिळतात असं. क्रँक घासून, बेअरिंगं नवी घालून बसवलं. पहिल्या फेरीच्या दिवशी उस्तादांना निरोप दिला होता. ते येतील असं वाटलं नव्हतं, पण घाटावर आले. बोटीत बसले नाहीत. आम्ही भरल्या पेट्यांसकट पलीकडे जाऊन, थोडं थांबून, परत आलो. सगळा वेळ ते कडेला उभे होते.

मी उतरलो तसं त्यांनी विचारलं, "कसं हाय?"

"चांगलं आहे!" मी त्यांच्या कानाशी ओरडलो.

"वरडू नको बे," ते म्हणाले. "समोरून बोल. ओठ दिसते मले."

मग त्यांनी बाईंच्या हातातल्या पेटीचं दुसरं टोक धरलं आणि दोघं ती वर घेऊन गेले.